पिकिंगला दाद न देणारं कुलूप घडवताना: पिना की चकत्या?

लेथ आहे, ड्रिल प्रेस आहे, पितळेचा रॉड आहे आणि किल्लीशिवाय सहजासहजी उघडणार नाही असं कुलूप स्वतः घडवायचं आहे. आधी डोक्यात लिव्हर, चुंबक असं बरंच काही घोळतं. कागदावर रेघा ओढायला बसलं की मात्र गाडी दोनच ठिकाणी येऊन थांबते: स्प्रिंगवर बसलेल्या पिनांचं नेहमीचं सिलिंडर, नाहीतर फिरणाऱ्या चकत्या आणि साइडबार असलेलं डिस्क डिटेनर. पहिल्याला आजचं रूप लायनस येल धाकटे यांनी १८६० च्या दशकात दिलं. दुसरं १९०७ साली फिनलंडमध्ये एमिल हेन्रिक्सन यांना सुचलं. दोन्ही आतून कशी चालतात ते थोडक्यात. पिनांच्या कुलपात बाहेरच्या हाउसिंगमध्ये फिरणारा प्लग असतो; किल्ली खालच्या आणि वरच्या पिनांचे सांधे या दोन्हींमधल्या रेषेवर, म्हणजे शिअर लाइनवर, आणते आणि प्लग फिरतो. डिस्क डिटेनरमध्ये किल्ली प्रत्येक चकती ठरल्या कोनात फिरवते; सगळ्यांच्या काठावरच्या खऱ्या खाचा एका रेषेत आल्या की साइडबार नावाचा दांडा त्यांत उतरतो आणि चकत्यांची नळी बॉडीत फिरते. खोट्या खाचा नुसत्या फसवण्यासाठी.

एक गोष्ट आधी मिटवून टाकू. पिकिंगला, म्हणजे किल्लीशिवाय बारीक हत्यारांनी उघडण्याला, दाद न देणारं म्हणजे कधीच न उघडणारं, असा अर्थ इथे घ्यायचा नाही. जोसेफ ब्रामा या इंग्रज कारागिराचं १८ पट्ट्यांचं कुलूप लंडनमधल्या दुकानाच्या खिडकीत १७९० पासून आव्हान देत बसलं होतं. १८५१ मध्ये आल्फ्रेड हॉब्ज या अमेरिकन कुलूपवाल्यानं ते उघडलंच. पण त्याला १६ दिवसांत मिळून सुमारे ५१ तास लागले. कुलूपवाला विकतो तो वेळ. तेव्हा पिना आणि चकत्या यांची तुलनाही याच मापानं करायची: कोण जास्त वेळ काढतं, आणि ते का काढतं हे आपल्याला नंतर कळतं का.

पिनांपासून सुरुवात करू, कारण सुटे भाग मिळतात, किल्लीचे कोरे तुकडे मिळतात आणि चूक झाली तर एक पिन बदलून भागतं. पिक करणाऱ्याला पिनांच्या कुलपात खरा आधार मिळतो तो भोकांच्या वाकडेपणाचा. सहा भोकं तंतोतंत एका रेषेत असती, तर प्लगवर ताण दिल्यावर (तो फिरवायला हलका जोर लावल्यावर) सगळ्या पिना एकदम आवळल्या गेल्या असत्या. तसं कधीच होत नाही. एक आधी आवळते, ती बसली की दुसरी, आणि याच क्रमाचा धागा धरून माणूस आत शिरतो. म्हणून प्लग आणि हाउसिंग वेगवेगळं ड्रिल करू नका. प्लग हाउसिंगमध्ये घालून घट्ट आवळा आणि सेंटर ड्रिलनं खूण करून दोन्हींतून एकाच सेटिंगमध्ये भोक पाडा. २.८ मि.मी.नं ड्रिल करून ३.० च्या रीमरनं साफ केलं की साधारण २.९ ची पिन नीट सरकते. पितळेत ड्रिल ओढ घेतं, त्यामुळे ड्रिलची धार दगडावर किंचित मारून घ्यावी. आतल्या बाजूला, शिअर लाइनवर, जी बर (धातूची खरखरीत कड) राहते ती काढायलाच हवी, पण तिथे काउंटरसिंक फिरवायचा मोह टाळा. कड तिरपी झाली की वरच्या पिनेला टेकायला आयती पायरी मिळते आणि पिक करणाऱ्याचं काम हलकं होतं.

पिनांच्या आकारांबद्दल बरंच लिहिलं गेलंय, म्हणून थोडक्यात. सहाच्या सहा स्पूल (मधे कमरेसारख्या बारीक) पिना घालण्यात शहाणपण नाही. स्पूलच्या कमरेत कड अडकली की प्लग दोन-चार अंश फिरून थांबतो आणि ती पिन वर ढकलली की उलटा परततो. हे लक्षण सहाही ठिकाणी सारखंच आलं तर समोरच्याला एकच धडा सहा वेळा गिरवायला मिळतो. तीन स्पूल, दोन करवती दातांच्या आणि एक साधी असं मिश्रण बरं. स्पूलसाठी ताण सैल केला की साधी पिन खाली पडते आणि मांडलेला डाव विस्कटतो. किल्लीच्या भोकातल्या पन्हाळ्या मध्यरेषा ओलांडून आत याव्यात, आणि उथळ काप खोल कापाच्या मागे लपवावा. लांब पिनेच्या आडून आखूड पिनेपर्यंत पोचताना हत्यार पुढच्या पिनेला हमखास धक्का देतं.

एक हिशेब मात्र बरेच जण विसरतात. सगळ्यात आखूड खालची पिन, वरची पिन आणि पूर्ण दाबलेली स्प्रिंग यांची बेरीज शिअर लाइनच्या वरच्या भोकाच्या खोलीपेक्षा जास्त हवी. ४ अधिक ४.५ अधिक ३, म्हणजे ११.५ मि.मी., आणि भोक ११ चं, तर ठीक. भोक १२ चं असेल तर कंगव्यासारख्या हत्यारानं सगळ्या पिना एकदम वर हाउसिंगमध्ये कोंबता येतात आणि स्पूलवर घेतलेली सगळी मेहनत पाण्यात जाते.

आता चकत्या. इथे भोकांच्या रांगेचा प्रश्नच नाही, सगळ्या चकत्या एकाच नळीत बसतात. पिक करणाऱ्याला आधार मिळतो तो चकत्यांच्या व्यासातल्या फरकाचा आणि खाचांच्या जागेतल्या चुकीचा. व्यासाचा फरक घालवणं त्यातल्या त्यात सोपं: नऊ चकत्या एका मँड्रेलवर (लेथवर धरायच्या दांड्यावर) आवळा आणि बाहेरचा व्यास एकाच पासमध्ये १४ मि.मी.ला आणा. मग काठावर नंबर पंच करा. जाडी १.५ मि.मी., मधल्या वॉशर अर्ध्या मि.मी.च्या, म्हणजे थप्पी १७.५ मि.मी.ची. तिला पुढेमागे ०.१ ते ०.१५ मोकळीक ठेवा. त्याहून कमी ठेवली तर एका घट्ट चकतीमागे बाकीच्या ओढल्या जातात. वॉशरला शेपटी ठेवून ती नळीच्या खाचेत अडकवा. मोकळी फिरणारी वॉशर शेजारच्या चकतीला सोबत घेऊन जाते आणि मग खरी किल्लीही कधी चालते, कधी नाही.

खऱ्या खाचेची खोली १.५, खोट्या खाचांची अर्धा मि.मी. साइडबार बॉडीच्या खोबणीत १.२ बाहेर राहतो, म्हणजे खोट्या खाचेत तो थोडा उतरतो, नळी जराशी हलते आणि तिथेच अडते. कोनांच्या सहा जागा १८-१८ अंशांवर घेतल्या तर ७ मि.मी. त्रिज्येवर दोन जागांमध्ये जेमतेम २.२ मि.मी. अंतर मिळतं. साइडबार दीड मि.मी.चा आणि खाच १.७ ची धरली तर लागून असलेल्या दोन खाचांमध्ये अर्ध्या मि.मी.ची भिंत उरते, आणि ती झिजते. म्हणून खोटी खाच एक जागा सोडून घ्या, चकतीला दोन किंवा तीन. अगदी कोनांच्या मधोमध घेतलेल्या खोट्या खाचा दिसायला छान, पण कोन ठाऊक असलेला माणूस त्या सरळ वगळतो.

सगळ्यात जास्त फरक पडतो तो ओढणाऱ्या चकतीच्या जागेनं. जी चकती पूर्ण फिरून नळीला ढकलते, ती सगळ्यात पुढे ठेवली तर कुलूप बनवायला सोपं जातं आणि उघडायलाही. ताण देणारं टोक पुढे आरामात टेकतं आणि हत्यार मागे मोकळं फिरतं. ती मागे, किंवा त्याहून बरं म्हणजे मधल्या एखाद्या जागी नेली की नेहमीचं हत्यार चालत नाही आणि नवीन घडवावं लागतं. तरीही खाचांतला फरक पुरता लपत नाही, हे कबूल करायला हवं. खऱ्या खाचेत चकती दोन भिंतींच्या मधे किंचित सुटी हलते, खोट्या खाचेत साइडबार तळावर टेकून तिला दाबून धरतो. सरावलेल्या बोटाला हे कळतं.

चकत्यांचं खरं दुखणं किल्लीत आहे. खाचेत एकूण ०.२ मि.मी. मोकळीक, म्हणजे दोन्हीकडे ०.१, आणि ७ मि.मी. त्रिज्येवर त्याचा अर्थ जेमतेम ०.८ अंश. अर्धगोल किल्लीवरचे काप कानशीनं, नजरेच्या अंदाजानं घासले तर दोन अंशांची चूक सहज होते आणि किल्ली चालत नाही. इंडेक्सिंगची (काम ठरल्या कोनात नेमकं फिरवायची) सोय नसेल तर पिनांकडे वळणंच शहाणपणाचं. त्यांची किल्ली साध्या कानशीनं आणि मायक्रोमीटरनं निभते. दुसरी किल्ली कुठेही चटकन करून मिळावी अशी अपेक्षा असेल, तरीही पिनाच.

कोडांच्या (किल्लीच्या कापांच्या वेगवेगळ्या जुळण्यांच्या) संख्येवरून मात्र ठरवू नका. सहा पिना आणि दहा खोल्या म्हणजे कागदावर दहा लाख. आठ चकत्या आणि सहा कोन म्हणजे १६ लाख ७९ हजार ६१६. पिक करणारा माणूस कोड शोधतच नाही. तो एकेका भागाला विचारत जातो, त्यामुळे या आकड्यांचा त्याला काही फरक पडत नाही.

मग चाचणी, आणि इथेच पारडं झुकतं. पद्धत दोन्हींना एकच ठेवावी. तपासणाऱ्याला आराखडा द्या, तसंच दुसरं उघडलेलं कुलूप द्या, फक्त कोड देऊ नका. आधी पाच मिनिटं नुसतं रेकिंग (पिनांवरून हत्यार भराभर ओढणं) किंवा चकत्या ढवळणं, मग ३० मिनिटांची बैठक. एकदा उघडलं तर ते नशीब असू शकतं, म्हणून तीन वेळा उघडल्याशिवाय मोजू नका. आणि प्रत्येक वेळी कोड बदला, कारण बोटांना आधीचा कोड आठवतो. त्यासाठी तीन किल्ल्या आधीच कापून ठेवाव्यात. प्रत्येक बैठकीच्या आधी आणि नंतर खरी किल्ली फिरवून पाहा. अडकलेलं कुलूपसुद्धा पिकिंगला छान दाद देत नाही!

पिनांच्या कुलपाची चाचणी संपते तेव्हा हाती काय उरतं? तपासणाऱ्यानं ताण सोडला की सहाही पिना खाली. प्लग बाहेर काढायचा तर फॉलोअर (प्लगच्या मागोमाग सरकवायचा तेवढ्याच जाडीचा दांडा) हवा. तो जरा तिरपा गेला की वरची पिन आणि स्प्रिंग फटीत पडते, दुसरी स्प्रिंग टेबलाखाली. वरून ग्रब स्क्रू (बिनडोक्याचे स्क्रू) ठेवले तर फॉलोअरची गरज उरत नाही, पण स्क्रू अर्धा फेरा जास्त गेला तरी स्प्रिंगचा दाब बदलतो आणि पुढच्या बैठकीत बोटाखाली वेगळंच कुलूप येतं. पिनांवर मार्करची शाई लावून पाहिली तर ती वरखाली होतानाच पुसली जाते. खालच्या पिनांच्या टोकांवर ओरखडे दिसतात, पण ते सगळ्यांवरच असतात, कारण हत्यार सगळीकडे फिरलेलं असतं. अडवलं कुणी, ते दिसत नाही. उरते ती तपासणाऱ्याची आठवण: "तिसरीवर अडलं वाटतं." त्या एका वाक्याच्या भरवशावर तिसरी पिन बदलायची, सगळं पुन्हा जोडायचं, आणि या वेळी दहा मिनिटं जास्त लागली तर श्रेय पिनेला द्यायचं, नव्यानं बसलेल्या स्प्रिंगला की तपासणाऱ्याच्या थकव्याला? हाउसिंगला चीर पाडून आत बघता येतं, हे खरं. पण चीर पाडलेलं हाउसिंग ताणाखाली किंचित उघडतं, म्हणजे चाचणी पुन्हा दुसऱ्याच कुलपाची.

चकत्यांना स्प्रिंग नाही. ताण सोडला तरी त्या जिथे होत्या तिथेच राहतात. बॉडीतली साइडबारची खोबणी मागच्या टोकापर्यंत उघडी ठेवली, मागे साधी सर्क्लिप (खाचेत बसणारी स्प्रिंगची कडी) लावली, तर अर्धवट राहिलेल्या बैठकीतूनही अख्खी थप्पी साइडबारसकट हलकेच मागे सरकवून बाहेर घेता येते. काठांवर आधी निळी शाई लावलेली असेल तर साइडबारनं काय केलं ते त्यावर उमटलेलं असतं. खोट्या खाचेच्या भिंतीवर ठसठशीत ओरखडा दिसला तर ती खाच कामाला आली. एखाद्या चकतीची शाई जशीच्या तशी असेल तर ती कधी आवळलीच गेली नाही: व्यास कमी पडलाय, नवी करा. दर बैठकीत तीच चकती पहिल्यांदा घासली जात असेल तर तिची खाच बाजूला सरकलीय. दोन-तीन बैठकांत आराखडा कुठे कच्चा आहे ते समोर येतं आणि एका वेळी एकच चकती बदलून पुन्हा पाहता येतं.

जागेवर राहण्याचा हा गुण पिक करणाऱ्यालाही तितकाच उपयोगी पडतो, हे लपवत नाही. पिनांच्या कुलपात हात घसरला की सगळं मुळापासून. चकत्यांत तो दमला तर ताण सोडून हात झटकतो आणि बराचसा डाव तसाच सापडतो. कुणी याच मुद्द्यावर पिना निवडल्या तर वाद घालता येणार नाही. चांगला हात असलेल्या माणसासमोर नीट जमलेली पिनांची मांडणीही मान खाली घालायला लावत नाही. पण ती का जमली हे कळल्याशिवाय दुसरं कुलूप तसंच जमेल याची खात्री देता येत नाही, आणि माझा कल चकत्यांकडे आहे तो एवढ्यासाठीच.

तिकडे जायचं ठरलं तर सुरुवात सात चकत्यांनी करा. दोन चकत्या जास्तीच्या कापून ठेवा, पहिल्या खोट्या खाचा बहुतेक वेळा खोलच जातात. शाई लावण्याआधी तेल पूर्ण पुसा, आणि चाचण्या संपेपर्यंत नळीत ग्रीस घालू नका. ग्रीस असेल तर शाई बोटभर पसरते आणि ओरखडे वाचता येत नाहीत.