ठासणीच्या रायफलच्या किटपायी माझे १,५२० डॉलर गेले, तुमचे जाऊ देऊ नका

आकडा आधीच सांगून टाकतो, १,५२० डॉलर. रुपयांत धरले तर सव्वा लाखाच्या वर. एवढे पैसे एका हरामखोराने माझ्याकडून काढले आणि बदल्यात एक स्क्रूसुद्धा हातात आला नाही. बायको सोडून कोणाला सांगितलं नव्हतं, लाज वाटत होती, पण गेल्या आठवड्यात तीच जाहिरात दुसऱ्या नावाने परत दिसली आणि डोकं फिरलं, म्हणून लिहितोय. अमेरिकेतली आपली मराठी मंडळी या छंदात थोडीच आहेत पण आहेत, आणि नवीन माणूस पहिलं किट घेताना नेमका याच ठिकाणी अडकतो.

ठासणीची रायफल, म्हणजे तोंडातून दारू आणि गोळी घालून गजाने ठासायची ती. मी पेनसिल्व्हेनियात राहतो आणि या बंदुकीचं माहेर हेच. लोक केंटकी रायफल म्हणतात, पण अठराव्या शतकात ती घडवली लँकेस्टरच्या आसपास स्थायिक झालेल्या जर्मन आणि स्विस कारागिरांनी, जेकब डिकर्ट वगैरे सगळे इथलेच. आजही या राज्यात नाताळानंतर फक्त फ्लिंटलॉकने, म्हणजे गारगोटीच्या ठिणगीवर उडणाऱ्या बंदुकीने हरणाच्या शिकारीचा वेगळा सीझन असतो, १९७४ पासून. मला शिकारीत रस नाही, कागदावर नेम धरायला आवडतं आणि लाकूडकाम आवडतं. आमचं गाव कुडाळकडे, आजोबांकडे शेतराखणीच्या परवान्यावरची ठासणीची बंदूक होती, वानरं आणि रानडुकरांसाठी, निवडणूक लागली की पोलीस ठाण्यात जमा करायची आणि निकालानंतर परत आणायची. आम्हा पोरांना तिला हात लावू देत नसत. त्यामुळे अशी बंदूक आपल्या हाताने जोडता येते हे कळल्यावर मी किती दिवस त्याच विचारात होतो ते माझ्या घरच्यांना विचारा.

किट म्हणजे सगळं तयार नसतं. मशीनवर बराचसा कोरलेला मेपलचा दस्ता, अष्टकोनी नळी, लॉक (गारगोटीचा घोडा आणि ठिणगी पाडणारी यंत्रणा), ट्रिगर, पितळेचे ओतीव भाग, बाकी घासणं, बसवणं, रंगवणं तुमचं. चांगल्या किटची नळी ब्रीचकडे, म्हणजे मागच्या बंद टोकाकडे जाड, मध्ये बारीक आणि तोंडाशी परत थोडी फुललेली असते. मला .५० कॅलिबरची (अर्धा इंच भोकाची), गोल गोळीची, नळीच्या आतले पीळ संथ असलेली हवी होती. नामांकित लोकांकडून नवीन घ्यायचं तर वाट बघावी लागते, म्हणून अर्धवट सोडलेली किटं लोक विकतात ती बघत होतो. हे अगदी नेहमीचं आहे, कोणाचे डोळे जातात, कोणाला वेळ नसतो, कोणी वारतं.

एका खरेदी-विक्रीच्या ग्रुपात ऑक्टोबरमध्ये जाहिरात आली. ४४ इंची नळी, वाघाच्या अंगासारखे पट्टे असलेला कर्ली मेपलचा दस्ता, लॉक बसवलेलं, "वडिलांनी सुरू केलं होतं, ते गेले, आता कोणाला तरी उपयोग होऊ दे". मागितले १,४५०, ठरले १,२७५, वर पाठवणावळ ६५, एकूण १,३४०. हा भाव फुकटातला नव्हता हे लक्षात घ्या. जे म्हणतात ना की स्वस्ताच्या मोहात पडला म्हणून फसला, त्यांना हे सांगायचंय. पाचशेला देतो म्हणाला असता तर मी तिथेच पुढे गेलो असतो. या लोकांना बाजारभाव पक्का ठाऊक असतो, ते शंका येणार नाही इतकंच कमी सांगतात.

आता तो क्षण. तो मला अजून झोपू देत नाही.

त्याने सहा फोटो पाठवले. दुसऱ्या फोटोत दस्ता टेबलावर आडवा आहे, लॉक बसवायच्या जागेच्या खाली लाकडात एक काळपट रेघ, दोनेक इंचाची, तिरकी. पाचव्या फोटोत लॉक बसवलेला तोच दस्ता, तीच बाजू, आणि रेघ नाही. पट्टेसुद्धा वेगळे, दुसऱ्यात दाट आणि बारीक, पाचव्यात रुंद. कर्ली मेपलच्या दोन फळ्या कधी एकसारख्या नसतात, अंगठ्याच्या ठशासारखं असतं ते. मी हे बघितलं होतं. बघितलं होतं! फोन मोठा करून बघितलं, आणि मनाशी म्हटलं की एकात रंग दिला नसेल, एकात दिला असेल. कारण आयर्न नायट्रेट लावून हीट गनने तापवलं की मेपलचा अवतार खरंच पालटतो, पट्टे उठून येतात, फिकट लाकूड तांबूस तपकिरी होतं. हे मी वाचून वाचून पाठ केलं होतं म्हणूनच मला ते कारण सुचलं. ज्याला काहीच माहीत नाही तो म्हणाला असता हे दोन वेगळे तुकडे आहेत. पण रंग दिल्याने रेघ पुसली जात नाही, उलट गडद होते. एवढं एक वाक्य त्या रात्री डोक्यात आलं असतं तर १,५२० डॉलर वाचले असते.

आणि मी काही विचारलंच नाही असंही नाही. मी विचारलं, टच होलचा, म्हणजे आग आत नेणाऱ्या कानाच्या भोकाचा लायनर (आतली नळकांडी) बसवलाय का आणि ब्रीच प्लगचं, म्हणजे नळीचं मागचं टोक बंद करणाऱ्या आट्यांच्या बुचाचं तोंड नळीत कुठपर्यंत येतं, कारण हे भोक चुकीच्या जागी पाडलेलं असेल तर रंजक, म्हणजे बाहेरची चिमूटभर दारू, पेटून आत काहीच होत नाही, किंवा भोक प्लगच्या आट्यांत गेलं तर ती बंदूक वापरायच्या लायकीची राहत नाही. अर्धवट किट घेताना हा पहिला प्रश्न असतो. उत्तर आलं, "येस सर, ऑल ओके, नेव्हर फायर्ड." ज्याने किट जोडलंय तो असं उत्तर देत नाही, तो तुम्हाला स्केल लावून फोटो पाठवेल, वर अर्धा तास बोलेल. पण इथेच त्याची चाल बघा, वडील वारल्याची गोष्ट आधीच पेरून ठेवलेली. मुलाला काय कळणार ब्रीच प्लग, असं मला वाटलं. मेलेल्या बापाच्या वस्तू विकणाऱ्या माणसाची उलटतपासणी कोण घेतं? मी तरी अशा संस्कारांत वाढलेलो नाही. नंतर सगळे मेसेज परत वाचले तर सुरुवातीच्याच एका मेसेजात तो म्हणतोय "आय डिड द इनलेटिंग मायसेल्फ", म्हणजे भाग बसवायला लाकूड मी स्वतः कोरलं. वडिलांनी केलं की तू केलंस?

पैसे झेलने (Zelle, बँकेच्या खात्यातून थेट पैसे पाठवायची इथली सोय) गेले. हो, माहीत आहे, झेलने अनोळखी माणसाला पैसे पाठवायचे नसतात, सगळे हेच सांगतात. पण या छंदाची गोष्ट वेगळी आहे. पेपालच्या नियमांत बंदुका आणि बंदुकांचे काही पार्ट बसत नाहीत, त्यामुळे चांगले चांगले विक्रेतेसुद्धा चेक किंवा पोस्टाची मनी ऑर्डर मागतात, म्हातारे लोक तर पत्राने व्यवहार करतात आणि वर्षानुवर्षं कोणी कोणाला बुडवत नाही. म्हणून "पेपाल चालणार नाही सर, खातं बंद करतात" हे त्याचं म्हणणं मला खोटं वाटायचं कारणच नव्हतं. मी सगळे एकदम दिले नाहीत. ६७० आधी आणि ६७० ट्रॅकिंग नंबर आल्यावर, असं मी ठरवून घेतलं होतं. नंबर आला, चालू होता, पोस्टाच्या साइटवर माझ्या गावाकडे निघालेला दिसत होता, मग मी उरलेले ६७० पाठवले. कोणीही पाठवले असते.

दोन दिवसांनी पार्सलवाल्यांच्या नावाने ईमेल, हजार डॉलरच्या वरचा माल आहे, विम्याचे १८० भरा, पोचल्यावर परत मिळतील. १,३४० अडकलेले असताना १८० साठी कोण थांबेल? भरले. आणि त्यानंतर ट्रॅकिंगवर दिसलं, डिलिव्हर्ड. माझ्या दारात काही नाही. पाच फुटी खोकं, कुठे लपणार आहे ते?

इथून पुढचा संताप चोरावर नाही.

पोस्टाच्या काउंटरवर गेलो. बाई म्हणाली पोचलंय. म्हटलं नाही पोचलं. म्हणाली सिस्टीममध्ये पोचलंय. बरंच बोलल्यावर तिने स्क्रीनवर बघितलं आणि म्हणाली, हे तर लहान पाकीट आहे, तुमच्याच झिप कोडमध्ये पण दुसऱ्या पत्त्यावर गेलंय. कुठल्या पत्त्यावर? सांगता येत नाही, प्रायव्हसी. ४४ इंची नळी पाकिटात कशी मावेल हे तिला मी समजावून सांगत होतो आणि मागे रांग लागली होती. हे लेखी द्या म्हटलं तर मॅनेजर सोमवारी येतील. मॅनेजर सोमवारी आले नाहीत. आता मला कळलंय की ही चालूच प्रथा आहे, तुमच्या झिप कोडमध्ये कोणालाही रिकामं पाकीट पाठवायचं, ट्रॅकिंगवर "डिलिव्हर्ड" उमटतं आणि पुरावा त्यांच्या बाजूने तयार.

बँक. चाळीस मिनिटं गाणी ऐकवून म्हणाले, पैसे तुम्ही स्वतः पाठवलेत ना? पासवर्ड कोणी चोरला नाही ना? मग हा फ्रॉड नाही. मग काय आहे हो हे? म्हणे कायद्याचं संरक्षण खातेदाराच्या परवानगीशिवाय गेलेल्या पैशांना आहे, फसवून काढलेल्या परवानगीला नाही. ज्या खात्यात पैसे गेले ते खातं कुठल्या तरी बँकेतच आहे, कोणीतरी ओळखपत्र देऊनच उघडलं असेल, पण ते नाव मला सांगणार नाहीत, चोराची प्रायव्हसी महत्त्वाची.

इथले पोलीस म्हणाले, दिवाणी बाब आहे. आणि वर मलाच विचारलं, घरी बंदूक कशाला बनवताय? मी नागरिक आहे, पंधरा वर्षं टॅक्स भरतोय, १९६८ च्या केंद्रीय कायद्यात ही वस्तू साध्या अर्थाने फायरआर्म धरतच नाहीत हे मला त्यांना सांगावं लागलं. माझ्याशेजारी सायकल चोरीला गेलेल्या माणसाचा रिपोर्ट लिहून घेतला, माझी मात्र नुसता एक नंबर देऊन बोळवण. बंदुकांच्या केंद्रीय खात्याला फोन केला तर ते म्हणाले हे आमच्या कायद्यात फायरआर्म नाही, म्हणजे आमचं काम नाही. एकाला ती बंदूक आहे म्हणून संशय, दुसऱ्याला ती बंदूक नाही म्हणून सुटका. ऑनलाइन गुन्ह्यांच्या सरकारी साइटवर भलामोठा फॉर्म भरला, सगळे स्क्रीनशॉट, फोन नंबर, ईमेल, रकमा तारखांसकट. पोच आली. त्यानंतर काही नाही. दर वेळी एकच सल्ला मिळतो, पुढच्या वेळी काळजी घ्या. अरे पण या वेळचं काय?

मूळ दुखणं मला आता दिसतंय. साधी रायफल परराज्यातल्या माणसाकडून घ्यायची तर मध्ये परवानाधारक डीलर लागतो, माल त्याच्या दुकानात येतो, तो बघतो, कागद होतात. ठासणीच्या किटला बहुतेक राज्यांत हे काही लागत नाही, थेट घरी येतं. ज्याला आपण सोय म्हणतो ती या लोकांना जास्त सोयीची आहे, कारण मध्ये तिसरा माणूसच नाही. न्यू जर्सीसारख्या राज्यात नियम कडक आहेत ते आधी बघा. आणि भारतात कोणी हे मागवायचा विचारसुद्धा करू नका, तिथे ठासणीच्या बंदुकीलाही परवाना लागतो, शस्त्र कायद्यात आत जाल, हे तळकोकणातल्या कोणालाही विचारा.

घेणार असाल तर क्रेडिट कार्ड घेणाऱ्याकडूनच घ्या, माल आला नाही तर निदान कार्डवाल्यांकडे वाद तरी घालता येतो. कार्ड नाहीच म्हणाला तर पोस्टाची मनी ऑर्डर, झेल कदापि नाही, निदान पोस्टाने फसवल्याचा गुन्हा तरी लागतो आणि त्याला पत्ता द्यावा लागतो. ताजा फोटो मागा, कागदावर तुमचं नाव आणि आजची तारीख लिहून दस्त्यावर ठेवलेला, आणि तोही तुम्ही सांगाल त्या बाजूचा, म्हणजे लॉकची बाजू किंवा बटप्लेट (दस्त्याच्या खांद्याकडच्या टोकाची पट्टी). व्हिडिओ कॉलवर लॉकचा घोडा मागे ओढून दाखवायला सांगा, फ्रिझन, म्हणजे गारगोटी जिच्यावर आपटते ती पोलादी पट्टी, उघडून मिटून दाखव म्हणा. नुसता "ऑल ओके" आला की फोन ठेवा. सगळ्या फोटोंतलं लाकूड एकमेकांशी ताडून बघा, पट्टा न् पट्टा. फोटो इमेज सर्चमध्ये टाका, मी नंतर टाकले तर त्यातले दोन एका कारागिराच्या जुन्या कामाचे निघाले, त्या बिचाऱ्याला पत्ताही नव्हता. मध्येच विमा, कस्टम, होल्ड असलं काही मागितलं की समजा आधीचे गेलेच, वर अजून घालू नका. इंडियानातल्या फ्रेंडशिपला जून आणि सप्टेंबरमध्ये नॅशनल मझल लोडिंग रायफल असोसिएशनची नेमबाजी भरते, तिथे माणसं समोर भेटतात, किटं हातात घेऊन बघता येतात, मी आता तिथूनच घेणार. छिन्न्या, हीट गन, इनलेटिंग ब्लॅक (भाग लाकडाला कुठे अडतो ते दाखवणारा काळा रंग), कानसी मिळून २१४ डॉलर ६० सेंटचं सामान आणून ठेवलंय, ते वाया जाऊ देणार नाही.

नवीन जाहिरातीत भाव १,१९० लावलाय, या वेळी वडील नाहीत, काका वारलेत. फोटो तेच सहा. मी ग्रुपच्या अ‍ॅडमिनला दोनदा कळवलं, जाहिरात अजून तशीच आहे, खाली एकाने "इंटरेस्टेड" लिहिलंय आणि मी काही लिहायला गेलो तर मला ब्लॉक केलंय. लॉकच्या खाली तिरकी काळी रेघ असलेला दस्ता कोणाला विकायला आला तर पैसे पाठवायच्या आधी मला मेसेज करा, स्क्रीनशॉट, ज्या खात्यावर पैसे गेले त्याचा फोन नंबर, ट्रॅकिंग, सगळं माझ्याकडे आहे, रात्री अपरात्री केलात तरी चालेल.