हॉटेल कर्मचाऱ्यांसाठी पॅनिक बटण: सायरन, अ‍ॅप, वाय-फाय की ब्लूटूथ?

हाउसकीपिंगचं काम बहुतेक वेळा एकटीने करायचं असतं. अनोळखी माणसाची खोली, रिकामा कॉरिडॉर आणि मदतीला हाक मारावी तर ऐकायला जवळ कुणी नाही. अमेरिकेतल्या शिकागो शहरातल्या हॉटेल कामगारांच्या युनियनने २०१६ मध्ये केलेल्या पाहणीत हाउसकीपिंगमधल्या जवळपास निम्म्या बायकांनी सांगितलं की, पाहुण्याने नग्न अवस्थेत दार उघडणं किंवा मुद्दाम अंगप्रदर्शन करणं असे प्रकार त्यांनी सोसले आहेत. पुढच्याच वर्षी त्या शहराने खोल्यांत एकट्याने काम करणाऱ्यांना पॅनिक बटण, म्हणजे संकटात दाबून मदत मागायचं छोटं उपकरण, देणं हॉटेलांना सक्तीचं केलं. अमेरिकेतल्याच न्यू जर्सी राज्यात १०० किंवा त्याहून जास्त खोल्यांच्या हॉटेलांना हाच नियम जानेवारी २०२० पासून लागू आहे.

तुमच्याकडे असा कायदा असो वा नसो, बटण घ्यायचं ठरलंच असेल तर प्रत्येक विक्रेत्याला आधी एकच गोष्ट विचारा. बटण दाबल्यावर नेमक्या कोणत्या खोलीकडे धावायचं, हे मदतीला जाणाऱ्याला कळतं का? आवाज, बॅटरी, किंमत हे सगळं त्यानंतरचं.

सर्वात स्वस्त पर्याय म्हणजे पिन ओढली की किंचाळणारा सायरन. १२० ते १३० डेसिबलचा आवाज, नेटवर्कची गरज नाही, मासिक शुल्क नाही. हात टाकायला निघालेला माणूस या आवाजाने दचकून मागे सरू शकतो, हा त्याचा खरा फायदा. पण हॉटेलची दारं जाड असतात, कॉरिडॉरमध्ये गालिचा असतो आणि आवाज त्यातच बराच जिरतो. शेजारच्या खोलीत ऐकू गेलं तरी तिथला पाहुणा बाहेर येईलच असं नाही. तळमजल्यावरच्या सिक्युरिटीला तर पत्ताच लागत नाही. एकमजली, मोजक्या खोल्यांच्या जागी, जिथे हाकेच्या अंतरावर कुणीतरी कायम असतं, तिथे सायरन चालेल. चार-पाच मजल्यांच्या हॉटेलात फक्त सायरन देणं म्हणजे त्या बाईला जवळजवळ एकटं सोडणंच आहे.

मोबाइल अ‍ॅपच्या मी सरळ विरोधात आहे, निदान एकमेव साधन म्हणून तरी. फोन ट्रॉलीवर राहतो आणि ट्रॉली दाराबाहेर. हातात असला तरी ओल्या हातमोज्यांनी लॉक उघडून अ‍ॅप शोधायचं कधी? शिवाय जीपीएस इमारतीच्या आत भरवशाचं नसतं. मजला आणि खोली त्यावरून ठरवता येत नाही.

वाय-फायवर चालणारी बटणं मालकांना आवडतात, कारण अ‍ॅक्सेस पॉइंट, म्हणजे जागोजागी वाय-फाय पुरवणारी उपकरणं, आधीच बसवलेले असतात. कोणत्या पॉइंटला सिग्नल किती जोरात मिळतो, त्यावरून जागेचा अंदाज बांधला जातो. अडचण अशी की सिग्नल स्लॅबमधूनही जातो. बाई ५१२ मध्ये अडकलेली असते आणि पडद्यावर ४१२ दिसतं. मग सिक्युरिटीचा माणूस चौथ्या मजल्यावर भलतंच दार ठोठावत बसतो, तेवढ्यात वरच्या खोलीत काहीही होऊ शकतं. तळघरातली लाँड्री, जिना, लिननची खोली इथे वाय-फाय बऱ्याचदा पोचतच नाही. राउटर बंद पडला की बटणही बंद.

ब्लूटूथ बीकनच्या पद्धतीत प्रत्येक खोलीत एक छोटा ट्रान्समीटर बसवतात. बटण दाबताच सर्वात जवळचा बीकन कोणता ते नोंदलं जातं आणि संदेशासोबत खोलीचा नंबर जातो. अनेक मजल्यांच्या हॉटेलसाठी मी हेच सुचवेन. मात्र खर्च आणि मेहनत इथे जास्त आहे. शेकडो बीकन बसवायचे, कोणता कुठे आहे याचा नकाशा बनवायचा आणि बॅटऱ्या सांभाळायच्या. रंगकामात काढलेला बीकन कुणी दुसऱ्याच खोलीत लावला, तर यंत्रणा बिनचूक दिसूनही खोटा नंबर दाखवेल. म्हणून बॅटऱ्या कोण बदलणार आणि नकाशा कोण तपासणार, हे करारातच लिहून घ्या. काही कंपन्या संदेश पोचवायला लोरा (LoRa) हा कमी विजेवर दूरपर्यंत पोचणारा रेडिओ वापरतात. त्याच्या लहरी काँक्रीटमधून चांगल्या जातात आणि थोड्याच गेटवेंवर, म्हणजे संदेश पकडून पुढे पाठवणाऱ्या उपकरणांवर, सगळ्या इमारतीचं भागतं. पण नेमकी खोली कळायला बीकन तिथेही लागतातच.

बटण अंगावर कुठे राहणार, याकडेही बघा. गळ्यातली दोरी ओढली की सुटणारी हवी, नाहीतर तीच धरून कुणी खेचेल. बाथरूम घासताना बटण साबणाच्या पाण्यात भिजणार, तेव्हा ते जलरोधक असू द्या. चादर खोचताना गादीच्या कडेवर घासून आपोआप दाबलं जाणारं बटण नको, आणि जोर लावून दाबावं लागणारंही नको. दाबल्यावर हलकंसं कंपन झालं तर संदेश गेल्याचं तिला कळतं.

बायकांच्या मनात आणखी एक शंका असते, आणि ती रास्त आहे: या निमित्ताने दिवसभर आपल्यावर पाळत तर ठेवणार नाहीत? किती वेळ कुठे थांबलो, चहाला किती मिनिटं गेलो? ठिकाण फक्त बटण दाबल्यावरच नोंदलं जाईल अशी यंत्रणा घ्या आणि तसं त्यांना लेखी द्या. चुकून दाबलं गेलं म्हणून एकदा जरी कुणाला सुनावलंत, तरी खऱ्या प्रसंगी पुढचा हात कचरेल.

रात्रपाळीला सिक्युरिटीत एकच माणूस असेल आणि तोही गेट सोडू शकत नसेल, तर सर्वात महाग बटणही उपयोगाचं नाही. अलार्म वाजल्यावर कोण निघणार, त्याच्याकडे मास्टर की आहे का, तो जागेवर नसेल तर दुसरं कोण, हे खरेदीआधी ठरवा. संबंधित पाहुणा हॉटेलात असेपर्यंत त्या कर्मचाऱ्याला दुसरीकडे काम देण्याची तरतूद न्यू जर्सीच्या कायद्यात आहे. कायदा नसला तरी तुम्ही हे करू शकता, आणि करायलाच हवं.

पैसे देण्याआधी एका मजल्यावर चाचणी मागा. बटणं रोज तिथे काम करणाऱ्या बायकांच्या हाती द्या. त्यांना बंद बाथरूममधून, जिन्यातून, लिनन रूममधून आणि लाँड्रीतून दाबू द्या, आणि प्रत्येक वेळी पडद्यावर कोणती जागा दिसते ते स्वतः लिहून घ्या. विक्रेता अशा चाचणीला टाळाटाळ करत असेल तर त्याच्याशी व्यवहार करू नका.