तपास प्रशिक्षणाच्या नावाखाली झालेली माझी फसवणूक

मी साताऱ्यात एका वकिलांच्या कार्यालयात गेली नऊ वर्षे काम करते. दावे टंकलिखित करणे, तारखा नोंदवणे, नकलांचे अर्ज देणे आणि दोषारोपपत्रांच्या प्रती क्रमाने लावून ठेवणे हे माझे रोजचे काम. ऑगस्ट २०२४ मध्ये मी पुण्यातल्या एका खासगी संस्थेच्या सहा महिन्यांच्या तपास प्रशिक्षणाच्या पदविकेला प्रवेश घेतला. अनुभवी वकील, निवृत्त पोलीस अधिकारी आणि न्यायवैद्यक क्षेत्रातील तज्ज्ञ स्वतः शिकवतील असे त्या संस्थेने सांगितले होते. त्यात माझे ७२,००० रुपये गेले आणि सहा महिन्यांचे जवळजवळ सगळे रविवारही गेले. प्रकरण ग्राहक आयोगापुढे असल्यामुळे संस्थेचे नाव येथे देत नाही, परंतु काय घडले ते सविस्तर लिहिते आहे, कारण तसलीच पत्रके आजही महाविद्यालयांच्या आणि न्यायालयांच्या आवाराबाहेर वाटली जात आहेत.

तपास हा विषय मला जवळचा का वाटला, ते आधी सांगायला हवे. २०१३ साली माझ्या वडिलांना महामार्गावर एका वाहनाने धडक दिली आणि ते वाहन न थांबता निघून गेले. रस्त्यावर फुटलेल्या दिव्याच्या काचा पडलेल्या होत्या, वडिलांच्या दुचाकीच्या मागच्या पत्र्याला दुसऱ्या वाहनाचा रंग लागलेला होता, आणि यातले काहीही कोणी गोळा केले नाही. वाहनच सापडले नाही, त्यामुळे विमा कंपनी कोणती हे कळण्याचा मार्ग उरला नाही. अज्ञात वाहनाच्या धडकेत गंभीर जखमी झालेल्या माणसाला त्या काळी १२,५०० रुपये भरपाई मिळत असे, तेवढीच वडिलांना मिळाली. पुढे कार्यालयात काम करताना अपघाताच्या दाव्यांमध्ये विमा कंपन्यांनी नेमलेल्या अन्वेषकांचे अहवाल माझ्या हातून जाऊ लागले, तेव्हा हे काम नीट शिकून करावे अशी इच्छा मनात पक्की झाली.

संस्थेचे पत्रक गुळगुळीत कागदावर छापलेले होते आणि त्यावर अकरा जणांची छायाचित्रे होती. त्यांत एक निवृत्त सहायक पोलीस आयुक्त, सत्र न्यायालयात फौजदारी वकिली करणारे दोन ज्येष्ठ वकील, शवविच्छेदनाचा अनुभव असलेले एक डॉक्टर, हस्ताक्षर तज्ज्ञ आणि सायबर तज्ज्ञ होते. खाली ‘शासनमान्य’ असा शब्द होता आणि त्याच्या बाजूला आयएसओ, उद्यम नोंदणी आणि नीती आयोगाच्या दर्पण संकेतस्थळावरील नोंदणी यांची चिन्हे ओळीने लावलेली होती. या चिन्हांचा अर्थ मला तेव्हा माहीत नव्हता. उद्यम ही लघुउद्योगांची नोंदणी विनाशुल्क असते आणि व्यावसायिक स्वतःच्या घोषणेवर ती करून घेतो, दर्पणवर स्वयंसेवी संस्था आपली माहिती नोंदवतात, आणि आयएसओ ९००१ हे प्रमाणपत्र कार्यालयाच्या व्यवस्थापनपद्धतीविषयीचे असते. यातील एकही गोष्ट अभ्यासक्रमाला मान्यता देत नाही. महाराष्ट्रात न्यायसहायक विज्ञानाचे (फॉरेन्सिक सायन्सचे) औपचारिक शिक्षण देणाऱ्या शासकीय संस्था मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथे आहेत, आणि गांधीनगरचे राष्ट्रीय न्यायसहायक विज्ञान विद्यापीठ तर २०२० च्या केंद्रीय कायद्याने स्थापन झालेले आहे. ही माहिती मिळवायला मला अर्धा तास पुरला असता, पण मी छायाचित्रांकडे पाहत राहिले.

दूरध्वनीवरच्या समुपदेशक बाईंनी तीनच जागा उरल्याचे सांगितले. मी १२,००० रुपये लगेच भरले आणि उरलेल्या ६०,००० रुपयांसाठी त्यांनीच एका वित्त कंपनीचे कर्ज करून दिले, ज्याचे बारा हप्ते प्रत्येकी ५,४५० रुपयांचे होते. शुल्क अठरा टक्के जीएसटीसह असल्याचे त्यांनी तोंडी सांगितले होते, परंतु मिळालेल्या पावतीवर जीएसटी क्रमांक नव्हता आणि पावती ज्या फर्मची होती तिचे नाव संस्थेच्या नावापेक्षा वेगळे होते. दुसऱ्यांच्या पावत्या मी दिवसभर फायलीत लावते, पण स्वतःची पावती मी घरी जाऊन कपाटात ठेवली ती थेट चार महिन्यांनी बाहेर काढली.

पहिल्या रविवारी पहाटेच्या एसटीने निघून मी स्वारगेटला उतरले आणि दहाच्या सुमारास वर्गात पोहोचले. त्या दिवशी पत्रकावरचे निवृत्त सहायक आयुक्त खरोखरच आले होते आणि ते दीड तास बोलले. इतके चांगले शिकवलेले मी त्याआधी क्वचितच ऐकले असेल. रक्ताने भिजलेला सदरा प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद केला की ओल आत कोंडते, बुरशी धरते आणि डीएनए मिळण्याची शक्यता घटते, म्हणून तो सावलीत वाळवून कागदात बांधायचा, असे त्यांनी सांगितले. त्यानंतर त्याच एका सदऱ्याचा प्रवास त्यांनी आमच्यापुढे उलगडला. पंचांसमक्ष जप्ती, पंचांच्या सह्यांचे लेबल, लाखेची मोहोर, मोहोरेचा वेगळा नमुना, मुद्देमाल नोंदवहीतली नोंद, प्रयोगशाळेत पोहोचवणाऱ्या शिपायाचा जबाब, आणि शेवटी साक्षीच्या पिंजऱ्यात बचाव पक्षाचा तो एकच प्रश्न, की जप्तीची तारीख ही आणि प्रयोगशाळेत पोहोचल्याची तारीख ही, तर मधल्या अकरा दिवसांत हे पुडके कोणाच्या ताब्यात होते? त्या प्रश्नाला उत्तर नसल्याने सुटलेले आरोपी आपण पाहिले आहेत, असे ते म्हणाले. माझ्या वडिलांच्या अपघातातल्या काचा मला त्या क्षणी आठवल्या आणि माझे डोळे भरून आले. त्या दीड तासाने माझ्या मनातली उरलीसुरली शंकाही गेली, आणि त्या व्याख्यानाची योजना नेमकी त्यासाठीच होती हे मला फार उशिरा कळले.

त्यानंतर ते पुन्हा आले नाहीत. दोन वकिलांपैकी एकाचेही दर्शन झाले नाही. डॉक्टरांचे व्याख्यान तीन वेळा पुढे ढकलले गेले आणि मग वेळापत्रकातून नाहीसे झाले. वर्ग घेणारा तरुण बोलायला नम्र होता, परंतु तो त्याच संस्थेतून आदल्या वर्षी पदविका घेऊन बाहेर पडलेला होता आणि पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवण्यापलीकडे त्याच्याकडे सांगण्यासारखे काही नव्हते. चौथ्या रविवारी त्याने प्रथम माहिती अहवाल म्हणजे फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम १५४, फसवणूक म्हणजे कलम ४२० आणि इलेक्ट्रॉनिक पुराव्याचे प्रमाणपत्र म्हणजे कलम ६५ ब असे शिकवले. १ जुलै २०२४ पासून नवे कायदे लागू झाले होते. आमच्या कार्यालयात नव्या गुन्ह्यांच्या कागदांवर आम्ही प्रथम माहिती अहवालासाठी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १७३, फसवणुकीसाठी भारतीय न्याय संहितेचे कलम ३१८ आणि प्रमाणपत्रासाठी भारतीय साक्ष्य अधिनियमाचे कलम ६३ लिहीत होतो. मी हात वर करून हे सांगितले, तेव्हा नवे साहित्य लवकरच येईल असे उत्तर मिळाले. ते अखेरपर्यंत आले नाही.

कलमांचे क्रमांक बदलले एवढ्यापुरता हा प्रश्न नाही. नव्या कायद्यातील प्रमाणपत्राचे दोन भाग आहेत, एक पुरावा सादर करणाऱ्याने भरायचा आणि दुसरा तज्ज्ञाने, आणि त्यात फाइलचे हॅश मूल्य, म्हणजे तिच्यातील मजकुरावरून गणिताने काढलेली, बोटाच्या ठशासारखी खूण, लिहावे लागते. हॅश मूल्य कसे काढतात, ते फाइलीत एक अक्षर बदलले तरी का बदलते, मूळ यंत्रावर काहीही न लिहिता त्याची प्रत कशी घेतात, हे प्रत्यक्ष करून दाखवल्याशिवाय विद्यार्थ्याला समजणे शक्य नाही. हे प्रमाणपत्र किती महत्त्वाचे आहे हे महाराष्ट्राला जालन्याच्या निवडणूक खटल्यातून माहीत आहे. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीतील त्या वादात उमेदवारी अर्ज वेळेनंतर दाखल झाला का, हे निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयातील चित्रीकरणावरून ठरवायचे होते, आणि १४ जुलै २०२० च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने मूळ यंत्र हजर केले नसेल तर प्रमाणपत्र अनिवार्य असल्याचे स्पष्ट केले. आमच्या वर्गात या निकालाचा उल्लेखही झाला नाही. हॅश हा शब्द पडद्यावर एकदा आला आणि तो म्हणजे फाइलचा पासवर्ड असल्याचे आम्हांला सांगण्यात आले.

प्रात्यक्षिकांची स्थिती याहून वाईट होती. सभागृहात कपड्यांच्या दुकानातला एक पुतळा आडवा ठेवून त्याभोवती पिवळी फीत लावली होती आणि बोटांचे ठसे उचलण्याची पूड सव्वीस जणांसाठी एक डबी होती. ‘प्रयोगशाळा भेट’ म्हणून आम्हांला प्रादेशिक न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळेच्या फाटकापर्यंत नेण्यात आले, तेथे बाहेर रस्त्यावर उभे करून आमचे छायाचित्र काढले आणि परत आणले. आत जाण्यासाठी कोणतीही परवानगी मागितलेलीच नव्हती. तेच छायाचित्र पुढच्या बॅचच्या जाहिरातीत प्रयोगशाळा प्रशिक्षण या मथळ्याखाली आले, आणि त्यात पहिल्या रांगेत मी उभी आहे याचे मला आजही अतिशय वाईट वाटते, कारण माझा चेहरा पाहून कोणीतरी विश्वास ठेवला असेल.

जानेवारी २०२५ मध्ये ‘अन्वेषक परवाना’ म्हणून आणखी १५,००० रुपये मागण्यात आले. त्याबदल्यात मिळणाऱ्या ओळखपत्राचा नमुना दाखवला, त्यावर राजमुद्रेसारखे चिन्ह होते आणि ‘इन्व्हेस्टिगेशन ऑफिसर’ असे ठळक छापले होते. याबाबत प्रत्येकाने नीट समजून घ्यावे, कारण येथे केवळ पैसे जात नाहीत. खासगी गुप्तहेरांना परवाना देणारा कायदा आपल्या देशात अस्तित्वात नाही. त्यासाठीचे विधेयक २००७ साली राज्यसभेत मांडले गेले होते, परंतु त्याचे कायद्यात रूपांतर झाले नाही. २००५ चा खासगी सुरक्षा संस्थांचा कायदा सुरक्षारक्षक पुरवणाऱ्यांसाठी आहे. राजमुद्रेचा गैरवापर रोखणाराही २००५ चाच एक कायदा आहे, आणि असे ओळखपत्र गळ्यात अडकवून कोणाच्या दारात उभे राहणारा विद्यार्थी स्वतः आरोपी होऊ शकतो.

त्याच महिन्यात आम्हांला एका ‘प्रत्यक्ष प्रकरणा’वर काम दिले गेले. एका विवाहित स्त्रीचा मोबाइल क्रमांक देऊन, ओळखीतून तिचे सीडीआर, म्हणजे तिने कोणाला केव्हा फोन केले याच्या नोंदी, काढता येतात का ते पाहा, असे सांगण्यात आले. सीडीआर मागवण्याचे अधिकार पोलिसांतही ठरावीक वरिष्ठ दर्जाच्या अधिकाऱ्यांनाच असतात, आणि २०१८ साली ठाणे पोलिसांनी बेकायदा सीडीआर मिळवून विकल्याच्या प्रकरणात खासगी गुप्तहेरांना अटक केली होती. मी नकार दिला आणि त्या रविवारनंतर गेले नाही. वर्गात विशी-बाविशीची मुले होती. त्यांतल्या कोणी तो क्रमांक पुढे कोणाला दिला असेल का, या विचाराने मला बरेच दिवस शांत झोप लागली नाही.

मार्चमध्ये, ओळखीच्या एका निवृत्त हवालदारांच्या मदतीने मी त्या सहायक आयुक्तांना भेटले. मी पत्रक पुढे ठेवले, तेव्हा त्यांना काही क्षण बोलताच आले नाही. त्यांना एका व्याख्यानासाठी बोलावले होते, प्रवासखर्च आणि पुष्पगुच्छ दिला होता, आणि अध्यापक म्हणून त्यांचे नाव छापण्यास त्यांनी कधीही संमती दिलेली नव्हती. “ताई, माझ्याकडे पाहून पोरांनी पैसे भरले असतील तर ते मला कसं सहन होईल?” असे ते म्हणाले, आणि त्याच संध्याकाळी त्यांनी छायाचित्र काढून टाकण्याविषयी संस्थेला सहीनिशी पत्र लिहून त्याची प्रत मला दिली. प्रवेश घेण्याआधी पत्रकावरच्या एका तरी माणसाला मी विचारले असते, की तुम्ही किती रविवार शिकवणार आहात, तर हे सगळे तेव्हाच थांबले असते.

संस्थेने शुल्क परत करण्यास नकार दिला. वर्ग सोडला तरी कर्जाचे हप्ते थांबत नाहीत, कारण कर्जाचा करार वित्त कंपनीशी असतो, आणि हप्ता चुकवला तर आपली पतनोंद बिघडते. म्हणून मी हप्ते भरत राहिले आणि वित्त कंपनीकडे लेखी तक्रार केली. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवरून संस्थेला निरोप गेला, त्याचाही उपयोग झाला नाही. त्यानंतर जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दाखल केली. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तक्रारदार स्वतः राहतो तेथे तक्रार करू शकतो, त्यामुळे मला पुण्याला खेटे घालावे लागले नाहीत, आणि पाच लाखांपर्यंतच्या रकमेसाठी शुल्कही लागले नाही. तक्रारीसोबत मी पत्रक, पावती, वेळापत्रकाची छायाचित्रे, जुन्या कलमांच्या पानांच्या प्रती, ओळखपत्राच्या नमुन्याचा फोटो आणि सहायक आयुक्तांच्या पत्राची प्रत जोडली आहे. पत्रकावरील छायाचित्रे केवळ प्रातिनिधिक होती, असे संस्थेने आपल्या लेखी उत्तरात म्हटले आहे.

आमच्या बॅचमधल्या चौघांनी आतापर्यंत आपल्या पावत्या माझ्याकडे आणून दिल्या आहेत. तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत आयोगात जावे लागते, आणि आमचे वकीलसाहेब म्हणतात त्याप्रमाणे आमच्या बॅचची ती मुदत फेब्रुवारी २०२७ मध्ये संपेल. उरलेल्यांपैकी कोणी हे वाचत असेल तर पावती आणि कर्जाचा करार जपून ठेवावा, ओळखपत्र घेतले असल्यास ते वापरू नये, आणि मला कार्यालयात येऊन भेटावे.