चार तारांची बेस गिटार की पाच तारांची? आधी गायकाची पट्टी विचारा

चोपड्याचा एक पोरगा मागच्या महिन्यात घरी आला होता. ऑर्केस्ट्रात बेस वाजवतो, पण गिटार मित्राची. आता स्वतःची घ्यायची म्हणून विचारायला आलेला. "काका, पाच तारांचीच घेऊ ना? सगळे तीच घेऊ राहिले." मी उलट त्यालाच दोन गोष्टी विचारल्या. तुमचे गायक कोणकोणत्या पट्टीत गातात, आणि कार्यक्रमात तुझा बेस कुठल्या स्पीकरमधून बाहेर पडतो? पोरगा डोकं खाजवायला लागला. त्याला जे सांगितलं तेच इथे लिहितोय, कारण जळगाव-धुळ्याकडे हा प्रश्न घेऊन येणारा तो काही पहिला नाही.

ओळख थोडक्यात. बेस म्हणजे गाण्याखालचे खर्जाचे सूर वाजवणारी गिटार. चार तारांच्या गिटारवर खालच्या सुराकडून वर ई, ए, डी, जी. पाच तारांवर त्याच चार, आणि ईच्या खाली एक जाडजूड बी. खुली, म्हणजे बोट न दाबता वाजवलेली ई ४१ हर्ट्‌झची, खुली बी सुमारे ३१ हर्ट्‌झची. म्हणजे पाच सूर जास्तीचे मिळाले. लोक तेवढंच बघतात. माझ्या मते ती तार घ्यायचं खरं कारण वेगळंच आहे.

मला ते गणपतीतल्या एका कार्यक्रमात कळलं. गाणं पांढरी तीनमध्ये (पेटीची तिसरी पांढरी पट्टी), म्हणजे ईमध्ये बसवलेलं. माझी तेव्हा चार तारांची गिटार आणि सगळा डोलारा खुल्या ई तारेवर. गायकाचा घसा त्या दिवशी बसलेला. स्टेजवर चढता चढता तो कीबोर्डवाल्याला म्हणाला, "आज अर्धी पट्टी खाली घे भो." कीबोर्डवाल्याने ट्रान्सपोजचं, म्हणजे पट्टी बदलायचं बटण एकदा दाबलं, त्याचं काम संपलं. माझं काय? अर्धी पट्टी खाली म्हणजे काळी दोन, आणि तिचा खालचा सा माझ्या गिटारवर नव्हताच. ए तारेच्या सहाव्या फ्रेटवर, म्हणजे मानेवरच्या सहाव्या घरात वरचा सा धरून अख्खं गाणं काढलं. सुरात वाजलं, पण गाण्याखालची जमीन गेली. ढोलकीवाला दोनदा मान वळवून माझ्याकडे बघत होता.

तेच पाच तारांवर असतं तर? ई सूर बी तारेच्या पाचव्या फ्रेटवर मिळतो. काळी दोन चौथ्यावर, पांढरी दोन तिसऱ्यावर, काळी एक दुसऱ्यावर, पांढरी एक पहिल्यावर. बोटांची ठेवण तीच, हात फक्त सरकवायचा. आपल्याकडे एका रात्रीत भक्तिगीत, लावणी, जुनी हिंदी गाणी आणि उतरताना अहिराणी असा मेनू असतो. चार-पाच गायक, प्रत्येकाची पट्टी निराळी, आणि ती ऐनवेळी बदलणार हे ठरलेलं. तिथे पाचवी तार म्हणजे तुमचं ट्रान्सपोजचं बटण.

हाताचा त्रासही वाचतो. ३४ इंची गिटारवर (हे माप तारेच्या वाजत्या लांबीचं) पहिला फ्रेट साधारण ४८ मिलिमीटर रुंद, सहावा जेमतेम ३६. पांढरी चारचं गाणं चार तारांवर पहिल्या फ्रेटपाशी बोटं ताणून वाजवायचं, की पाच तारांवर सहाव्या फ्रेटपाशी आरामात? तीन तासांच्या कार्यक्रमानंतर करंगळी उत्तर देते.

पाच तारांच्या गिटारचा इतिहासही याच कीबोर्डवाल्याशी येऊन भिडतो. फेंडरने १९६५ मध्ये पाच तारांची बेस काढली होती, पण त्यात जादा तार वरच्या बाजूला होती आणि ती फार चालली नाही. खालच्या बीचं लोण पसरलं ते ऐंशीच्या दशकात, कारण सिंथेसायझरचा बेस ईच्या खाली उतरू लागला आणि बेसिस्टला त्याच्याबरोबर उतरणं भाग पडलं. आपल्या स्टेजवर कीबोर्डवाल्याचा डावा हात आजही तेच करतो. तुम्ही आल्यावरही त्याने तो हात उचलला नाही, तर पाच काय, सहा तारा असूनही चिखलच ऐकू येईल. आधी त्याच्याशी बोलून घ्या.

आता पाचव्या तारेची किंमत. पैशांची नव्हे, ती पुढे येईलच. किंमत आहे न वाजवायची तार गप्प ठेवण्याची. तुम्ही ए किंवा डीवर वाजवत असता, आणि बी तार खाली आपोआप गुणगुणत राहते. माझी पाच तारांची नवी गिटार पहिल्यांदा स्टेजवर नेली तेव्हा साउंडवाला ओरडला, "हम येतोय, अर्थिंग बघा!" हम म्हणजे स्पीकरमधली सततची घूंघूं. दहा मिनिटं आम्ही बोर्ड बदलले, वायरी बदलल्या, कोणीतरी जमिनीत सळई ठोकून तिच्यावर पाणीसुद्धा ओतलं. हम होता माझ्या बी तारेचा. उपाय एकच : उजव्या हाताचा अंगठा पिकअपवर (तारांखालच्या, आवाज पकडणाऱ्या पट्टीवर) रोवून न ठेवता बीवर टेकवायचा, आणि बोटं वरच्या तारांकडे गेली की अंगठाही पुढे सरकवत न्यायचा. डाव्या हाताच्या रिकाम्या बोटांनी उरलेल्या तारा झाकायच्या. मला रोजच्या सरावाने तीन महिने लागले. चार तारांवर हे दुखणं नसतं असं नाही, पण तिथे ई तार अंगठ्याखाली सहज राहते.

स्पीकरचा मुद्दा मात्र बरेच जण टाळतात. लॉनवर तुमच्या वाट्याला दोन पंधरा इंची टॉप, म्हणजे नेहमीचे स्पीकर आले, तर ३१ हर्ट्‌झ त्यांतून जवळपास येतच नाही. कानाला ऐकू येतो तो त्याच्या दुप्पट, ६२ हर्ट्‌झचा भाग, आणि मेंदू त्यावरून सूर ओळखतो. खर्जासाठीचे अठरा इंची डबे असतात, पण ते बहुतेक वेळा डीजेवाल्याचे, आणि आपला कार्यक्रम संपल्यावर सुरू होणारे. तेव्हा खुल्या बीने मांडव हादरेल असं मनात असेल तर सोडून द्या. बी तारेचा तिसरा ते सातवा फ्रेट, तिथेच आपलं पोट भरतं. घरच्या स्टुडिओत अहिराणी गाणी रेकॉर्ड करणाऱ्यांना हेडफोनवर बी मस्त लागते, पण ऐकणारा मोबाइलवर ऐकणार. त्याच्या स्पीकरमधून तुमची ईसुद्धा धड येत नाही.

बाकी फरक भराभर सांगतो. पाच तारांची मान रुंद, आणि स्वस्त गिटारींमध्ये तारा जवळजवळ असतात. चार तारांवर ब्रिजपाशी (तारा अंगाला अडकतात तिथे) दोन तारांत साधारण १९ मिलिमीटर अंतर, पाच तारांवर ते बऱ्याचदा साडेसोळा-सतरावर येतं. अंगठ्याने स्लॅप करायची, म्हणजे तार ठोकून वाजवायची आवड असेल तर हे बोचतं. वजन थोडं जास्त, तारांचा सेट महाग, आणि सुटी बी तार गावात मिळेलच असं नाही. मी एक सेट मागवून कायम बॅगेत ठेवतो.

उन्हाळ्याचं मात्र सविस्तर बोलायला हवं. मे महिन्यात भुसावळ-जळगावचा पारा ४५ च्या पुढे जातो. त्या कोरड्या हवेत लाकूड आक्रसतं, पावसाळ्यात फुगतं, आणि मानेचा बाक बदलतो. पाच तारांचा एकूण ताण जास्त आणि मान रुंद, म्हणून लाकूड हलक्या प्रतीचं असेल तर त्रास आधी तिथे दिसतो. गिटार बंद टेम्पोत उन्हात ठेवू नका. मानेतली सळई ॲलन कीने एका वेळी पाव फेऱ्यापेक्षा जास्त फिरवू नका, आणि पहिल्यांदा जाणत्या माणसासमोरच फिरवा.

मधला मार्गही आहे. चार तारांच्या गिटारवर पाच तारांच्या सेटमधल्या खालच्या चार तारा चढवायच्या : बी, ई, ए, डी. नटच्या (मानेच्या टोकाला तारा बसतात त्या पट्टीच्या) खाचा कानशीने रुंद कराव्या लागतात, सेटिंग पुन्हा करावं लागतं, आणि जी तार जाते. हे दुसऱ्या, जुन्या गिटारवर करून बघा. एकुलत्या एकीवर नको.

दुकानात काय बघायचं? यामाहाच्या टीआरबीएक्स मालिकेत १७४ चार तारांची आणि ३०५ पाच तारांची. इबानेझची जीएसआर २०० चार तारांची, २०५ पाच तारांची. तुलना करायला या जोड्या सोयीच्या. ३०५ ॲक्टिव्ह आहे, म्हणजे आत इलेक्ट्रॉनिक सर्किट, आणि त्याला बॅटरी लागते. कार्यक्रम संपला की जॅक काढून ठेवायचा, नाहीतर बॅटरी आपोआप उतरते. पाच तारांची हातात आली की आधी खुली ई वाजवा, मग बी तारेवर पाचव्या फ्रेटला तोच सूर. दुसरा आवाज पहिल्यापुढे गोणीत तोंड घालून बोलल्यासारखा आला तर ती गिटार ठेवून द्या, रंग कितीही आवडला तरी. तारेची नटपासून ब्रिजपर्यंतची लांबी ३४ ऐवजी ३५ इंच असेल तर बीचा ताण साधारण सहा टक्के वाढतो, आवाज मोकळा येतो. पण हात लहान असेल तर पहिल्या फ्रेटपाशी बोटं रडतात. सूर लावताना क्लिपवाला ट्यूनर खुल्या बीवर गोंधळतो. बाराव्या फ्रेटवर बोट हलकंच टेकवून हार्मोनिक वाजवा, लगेच पकडतो.

माझा कौल असा. पहिलीच गिटार असेल, किंवा एकाच भजनी मंडळाबरोबर ठरलेल्या पट्टीत वाजवत असाल, तर चार. गायिका काळी चारला गात असतील तरी चार तारांवर भागतं, खालचा सा ई तारेच्या चौथ्या फ्रेटवर हजर आहे. पुरुष गायक काळी एक-दोनचे असतील आणि ऑर्केस्ट्रा हाच धंदा असेल, तर पाच घ्या आणि तीन महिने अंगठ्याला द्या.

चोपड्याच्या पोराने घरी जाऊन पट्ट्या विचारल्या. दोघं काळी एक, एक काळी दोन. विकत घेण्याआधी सवय म्हणून माझी पाच तारांची घेऊन गेलाय. परवा रात्री अकराला त्याचा फोन आला. मागे माणसांचा गलका, आणि हा कळवळून विचारतोय, "काका, तुमच्या गिटारला अर्थिंगचा प्रॉब्लेम आहे का?"