ओकामी एचडी : तीन वर्षांत मिटलेल्या स्टुडिओची ठेव

जपानी भाषेत ‘ओकामी’ हा शब्द कानाला ‘लांडगा’ असाही लागतो आणि ‘महान देव’ असाही. या एका श्लेषावर तीस-चाळीस तासांचा व्हिडिओ खेळ उभा राहिला आहे. सूर्यदेवता आमातेरासू पांढऱ्या लांडग्याच्या रूपाने अवतरते आणि काळवंडलेल्या निप्पॉन (म्हणजे जपान) भूमीत पुन्हा जीव फुंकत हिंडते, एवढीच त्याची कथा. मी या खेळाची ‘एचडी’ ही सुधारित आवृत्ती निन्टेन्डोच्या स्विच या खेळयंत्रावर, बहुतेक वेळ यंत्र हातात धरून खेळलो आणि तो तसाच खेळावा असे माझे मत झाले.

याचे कारण कुंचला. बटण दाबताच समोरचे दृश्य जागच्या जागी थिजते, त्याचा कागद होतो आणि आपण त्यावर बोटाने शाई ओढू लागतो. वर्तुळ आकाशात काढले तर सूर्य उगवतो, पाण्यावर काढले तर कमळाचे पान तरंगू लागते आणि वठलेल्या झाडाभोवती काढले तर ते झाड बहरते. त्याच वर्तुळातून एक रेघ मारली की त्याचा सुरुंग होतो, त्यामुळे घाईत हात थरथरला तर भलतेच काही घडते, आणि त्यातही एक गंमत आहे. ही विद्या शिकवणाऱ्या कुंचलादेवता 13 आहेत : जपानी वर्षचक्रातले बारा प्राणी आणि त्या चक्रात जागा न मिळालेली मांजर. लांडगा धावू लागला की त्याच्या पावलांमागे गवत आणि फुले उमलत जातात. पहिल्या दिवशी मी काही काम नसतानाही नुसता धावत होतो.

शाईचित्रांची ही शैली आरंभी ठरलेली नव्हती. दिग्दर्शक हिदेकी कामिया आणि त्यांचे सहकारी आधी वास्तवदर्शी चित्रणाच्या मागे होते. पण ते ओझे मूळ खेळ ज्यावर आला त्या प्लेस्टेशन 2 या खेळयंत्राला पेलवेना, म्हणून ते पारंपरिक जपानी शाईचित्रांकडे वळले. त्या अडचणीचे उपकार मानावेत, कारण त्या काळातले ‘वास्तवदर्शी’ खेळ आज पाहवत नाहीत आणि हा मात्र जुना वाटत नाही.

हा खेळ घडवणारा क्लोव्हर स्टुडिओ कॅपकॉम या जपानी खेळ कंपनीने 2004 मध्ये आपली उपकंपनी म्हणून ओसाका येथे काढला आणि त्याची धुरा आत्सुशी इनाबा यांच्याकडे दिली. ‘ओकामी’ जपानमध्ये एप्रिल 2006 मध्ये आला. समीक्षकांनी तो डोक्यावर घेतला, गिऱ्हाइकांनी घेतला नाही. सप्टेंबरमध्ये तो अमेरिकेत पोहोचला आणि ऑक्टोबरमध्ये कॅपकॉमने स्टुडिओ बंद करण्याची घोषणा केली. मार्च 2007 मध्ये तो विसर्जित झाला. पुढे 2008 मध्ये दुसऱ्या एका स्टुडिओने निन्टेन्डोच्या विई या खेळयंत्रासाठी आवृत्ती बनवली, तेव्हा शेवटच्या श्रेयनामावलीत क्लोव्हरचे बोधचिन्ह होते म्हणून ती अख्खी नामावलीच वगळण्यात आली. ज्यांनी एवढी फुले उमलवली त्यांचीच नावे पुसली जावीत, हे मला आजही खटकते. इनाबा आणि कामिया पुढे प्लॅटिनमगेम्स या स्टुडिओत एकत्र आले, आणि 2024 च्या डिसेंबरमध्ये कामिया यांच्या ‘क्लोव्हर्स’ नावाच्या नव्या स्टुडिओकडून ‘ओकामी’चा पुढचा भाग येत असल्याचे जाहीर झाले.

आता उणिवा. आरंभीचे कथन कंटाळा येईल इतके लांबते आणि पात्रे अर्थहीन पुटपुटत बोलतात, ते काही वेळाने कानांना टोचते. आठ डोक्यांच्या ओरोचीला मारले की कथा संपली असे वाटते, प्रत्यक्षात तेव्हा जेमतेम एक तृतीयांश प्रवास झालेला असतो; पुढे हाच ओरोची पुन्हा लढायला येतो, आणि तेही एकदा नव्हे. लढाया मुळातच सोप्या आहेत, त्यामुळे आव्हान शोधणाऱ्याने इकडे फिरकू नये. ज्याला संथ चालीचे वावडे नाही त्याने पहिला तासभर तग धरावा. उजाड माळावर पहिल्यांदा हिरवळीची लाट पसरते आणि सगळा पडदा फुलांनी भरून जातो, तिथवर पोहोचल्याशिवाय खेळ बाजूला ठेवू नये.