एफट्रेसचं इंटरप्ट ट्रेसिंग: पावसाळाभर वापरल्यानंतर

महापे एमआयडीसीतला चार कोरचा आर्म बोर्ड, रॅम 512 एमबी, लिनक्स कर्नल 6.12, प्रीएम्प्ट-आरटी (ठरल्या वेळेत प्रतिसाद देणारा रिअल-टाइम मोड) चालू. ईथरनेटची पॅकेटं मधूनच गळायची. बोर्ड विकणाऱ्यांचं उत्तर ठरलेलं: आधी सपोर्टचं पॅकेज घ्या. कर्नलमध्ये जे फुकट आहे त्यासाठी पैसे का मोजायचे? ते फुकटचं हत्यार म्हणजे एफट्रेस, कर्नलमध्येच असलेली नोंदी ठेवायची सोय. इंटरप्ट, म्हणजे हार्डवेअरने प्रोसेसरला मारलेली हाक, कधी आला आणि हातावेगळा कधी झाला हे ती टिपते. तिचा हा अनुभव.

हँडलरमध्ये (इंटरप्ट आल्यावर चालणारं ड्रायव्हरचं फंक्शन) प्रिंटके (कर्नलचा संदेश छापायचा कॉल) टाकण्याचा मोह आधी सोडा. 115200 बॉडच्या साध्या सीरियल कन्सोलवर एका अक्षराला सुमारे 87 मायक्रोसेकंद लागतात. साठ अक्षरांची ओळ पाच मिलिसेकंद खाते, आणि छपाई हँडलरमधूनच झाली तर जो विलंब शोधताय तो तुम्हीच तयार करता. ट्रेसपॉइंटचं, म्हणजे कर्नलच्या कोडमध्ये आधीच पेरलेल्या नोंदीच्या जागेचं, तसं नाही. बंद असताना तिथे फक्त एक नॉप (काहीच न करणारी सूचना) असतो. चालू केला की तेवढी जागा पॅच होते आणि नोंद त्या कोरच्या स्वतःच्या रिंग बफरमध्ये (भरला की जुन्या नोंदींवर नव्या लिहिणारा) जाते, लॉक न घेता.

तरी सुरुवातीला मी याला तीनच तारे दिले होते, ते बफरमुळे. डिफॉल्ट बफर दर कोरला 1408 केबी, म्हणजे चार कोरचे साडेपाच एमबी. या बोर्डावर ती चैन परवडत नाही म्हणून 256 केबी ठेवला. 'ईथ0' एवढ्या छोट्या नावासह एंट्रीची (हँडलर सुरू होतानाची) नोंद 28 बाइटची, एक्झिटची (संपतानाची) 20. म्हणजे एका कोरवर साडेपाच हजारांच्या आत जोड्या. सेकंदाला दोन हजार इंटरप्ट आले तर जेमतेम पावणेतीन सेकंदांचा इतिहास. पॅकेट गळाल्याचं कळेपर्यंत पुरावा पुसलेला.

ही तक्रार आता मागे घेतो. हिस्ट ट्रिगर (इव्हेंट घडला की कर्नलमध्येच मोजणी करणारा नियम) लावला की नोंदी साठवायची गरजच उरत नाही. एंट्रीवर वेळ धरून ठेवायची, एक्झिटवर वजाबाकी करून सिंथेटिक इव्हेंट (दोन इव्हेंट जोडून बनवलेला नवा) काढायचा आणि त्याचा लॉग2 हिस्टोग्राम (दुपटीने वाढणाऱ्या गटांचा) कर्नलमध्येच बनू द्यायचा. रात्रभर चालवा, सकाळी एक छोटा तक्ता वाचा. किल्ली (कुठली एंट्री कुठल्या एक्झिटशी जोडायची ते ठरवणारी खूण) मात्र कोर आणि इंटरप्ट क्रमांक अशी दोन्ही मिळून द्या. आर्मचा टायमर सगळ्या कोरवर एकाच क्रमांकाने येतो. नुसता क्रमांक दिला तर एका कोरची एंट्री दुसऱ्याच्या एक्झिटला चिकटते आणि आकडे भलतेच येतात.

आता ज्याचा राग अजून गेलेला नाही ते. एक्झिट इव्हेंट हँडलरचं उत्तर (रिटर्न व्हॅल्यू, 'रेट') छापतो, पण छापताना शून्य की शून्येतर एवढंच बघतो. 1 म्हणजे काम झालं, 2 म्हणजे खरं काम करणाऱ्या थ्रेडला उठवलं. छापील ओळीत दोन्ही 'हँडल्ड'. आरटी कर्नलवर बहुतेक हँडलर थ्रेडमध्ये ढकललेले असतात. त्यामुळे ट्रेसमध्ये ईथरनेट एक-दोन मायक्रोसेकंदांत 'हँडल्ड' दिसतं, आणि खरं काम अजून सुरूही झालेलं नसतं. नवखा माणूस हे बघून ड्रायव्हरला निर्दोष ठरवतो आणि आठवडाभर स्विच आणि केबल बदलत बसतो. खरी किंमत बफरमध्ये असतेच, फक्त छपाईत लपते. एक्झिटच्या फिल्टर फाइलमध्ये 'रेट == 2' लिहा; जे इंटरप्ट उरतील त्यांचं खरं मोजमाप थ्रेडवर करायचं. त्यासाठी शेड-वेकिंग (थ्रेडला उठवल्याचा इव्हेंट) आणि शेड-स्विच (तो कोरवर चालू लागल्याचा) जोडा, किल्ली पीआयडी (थ्रेडचा क्रमांक), आणि नावाचा फिल्टर 'आयआरक्यू/45*' (45 हा इंटरप्ट क्रमांक) अशा धर्तीवर. या बोर्डावर दोष तिथेच निघाला: लॉगिंगच्या थ्रेडला आरटी प्राधान्य 60 दिलेलं होतं, तर इंटरप्ट थ्रेडचं डिफॉल्ट 50; आकडा मोठा तो आधी चालतो. दोन्ही एकाच कोरवर. लॉगिंगचं प्राधान्य 40 वर आणल्यावर पॅकेटं गळायची थांबली.

बाकी किरकोळ. शेअर्ड लाइनवर (एकच इंटरप्ट अनेक उपकरणं वापरतात तिथे) एक्झिटमध्ये नाव नसतं, लगतची आधीची एंट्री बघावी लागते. एक्स86 (इंटेल-एएमडी प्रोसेसर) वर लोकल टायमर या इव्हेंटमध्ये येतच नाही, त्यासाठी आयआरक्यू-व्हेक्टर्सचा गट वेगळा आहे. ट्रेसएफएसमध्ये (एफट्रेसच्या सेटिंग्जच्या फाइली असतात ती जागा) लिहिलेल्या सेटिंग्ज रीबूटनंतर टिकत नाहीत. इथे पावसात लाइट जाते, त्यामुळे ट्रिगर बूट स्क्रिप्टमध्येच टाका.

साडेचार तारे. अर्धा त्या छपाईसाठी कापला, तो परत मिळणार नाही. बोर्ड घेण्याआधी विक्रेत्याकडून कर्नलची कॉन्फिग फाइल मागा आणि एफट्रेस, हिस्ट ट्रिगर्स व सिंथेटिक इव्हेंट्स तिन्ही चालू आहेत का ते बघा. आमच्याकडे आलेल्या कर्नलमध्ये शेवटचे दोन बंद होते, म्हणून तो नव्याने बिल्ड करावा लागला.