एकच मोठा ॲरे, की डिस्कचे तुकडे करून अनेक?
ॲरे म्हणजे अनेक डिस्क जोडून केलेला एकच साठा. समजा लिनक्सवर ८ टीबीच्या चार डिस्क आहेत. एक मार्ग म्हणजे प्रत्येकीवर एकच मोठं पार्टिशन, त्यांचा एक रेड ६ (दोन डिस्क गेल्या तरी डेटा टिकवणारा ॲरे) आणि वर एलव्हीएम (साठ्याची जागा हवी तशी जोडून-वाटून देणारी सोय). दुसरा म्हणजे प्रत्येक डिस्कचे २ टीबीचे चार तुकडे, त्यांचे चार ॲरे, आणि ते एलव्हीएममध्ये एकत्र.

तुकड्यांचा खरा फायदा बिघाड अर्धवट असतो तेव्हा. एखाद्या जागी लिहिता आलं नाही, तर एमडी (लिनक्सची रेड सांभाळणारी यंत्रणा) फक्त तो तुकडा बाहेर काढतो. बाकी तीन ॲरे शाबूत. रीबिल्ड (नव्या डिस्कवर डेटा पुन्हा उभा करणं) मध्येच अडलं तरी आधी पूर्ण झालेले ॲरे सुरक्षित राहतात. ४ आणि ६ टीबीच्या डिस्क मिसळल्या असतील, तर मोठ्या डिस्कवरची जास्तीची जागाही वाया जात नाही.

पण डिस्क पूर्ण मेली की चारही ॲरे लंगडे. नव्या डिस्कवर पार्टिशन टेबल उतरवा, मग चार वेळा एमडीॲडम (एमडीची कमांड) चालवा. रीबिल्ड एकामागून एक होतात, रांगेतल्यांपुढे ‘डिलेड’ दिसतं. ते बरंच, नाहीतर डिस्कचं हेड नुसतं इकडून तिकडे धावलं असतं!

डिस्क सारख्या असतील तर मी एकच ॲरे घेईन. राइट-इंटेंट बिटमॅप (कुठे लिहिणं चालू होतं याची नोंद) असला की अचानक वीज गेल्यानंतरचं रीसिंकही (डिस्क पुन्हा एकमेकींशी जुळवणं) लवकर आटोपतं. फक्त बूटसाठी छोटा रेड १ (प्रत्येक डिस्कवर तीच प्रत ठेवणारा) वेगळा.